खाऱ्या वाटेवर गोडे पाणी

मे महिना सरत आला की आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावर एक वेगळीच लगबग सुरू होते. मिठागरांतील शेवटच्या राशी झाकल्या जातात, घरांच्या भिंतींना झावळ्यांची झड बांधली जाते आणि मालीम, शापोरा, कुटबण येथील धक्क्यांवर मच्छीमार नौका एकमेकींना खेटून उभ्या राहू लागतात. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. जाळी उतरतात, खलाशी आपापल्या गावी जातात, आणि दहा महिने अहोरात्र धडधडणारी इंजिने मुकाट होतात. पाहणाऱ्यास वाटते, बिचारे यंत्र आता विसावा घेत आहे. आमचाही समज तसाच होता. तो समज किती चुकीचा होता, आणि तो दुरुस्त करण्याच्या नादात आम्ही आणखी एक मोठी चूक कशी केली, हेच आज वाचकांस सांगावयाचे आहे.

मराठीच्या शिक्षकाने डिझेल इंजिनावर लिहावे याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु आमच्या वाचकांपैकी किती तरी घरांतील कोणी ना कोणी बोटीवर आहे, कोणाची स्वतःची नौका आहे, कोणाचा जावई पर्यटकांना मांडवीतून फिरविणाऱ्या होडीचा मालक आहे. शिवाय ज्या चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ती चूक करणाऱ्याने निदान उघडपणे सांगावी, एवढे ऋण तरी आमच्यावर आहेच.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. वर्गात तो फारसा चमकला नाही, पण हाताने कामसू आणि शब्दाला पक्का. वडिलांच्या पश्चात त्याने कर्ज काढून एक मध्यम आकाराची फायबरची जुनी नौका घेतली. चार सिलिंडरांचे इंजिन, तेही जुनेच. पहिल्या हंगामात देवाने हात दिला. दुसऱ्या वर्षी बंदी उठली त्या पहाटे तो सर्वांबरोबर निघाला आणि दोन तासांतच इंजिन इतके तापले की ते बंद करून उभे राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. दुसऱ्या नौकेने ओढून आणले. ऑगस्टचे पहिले दिवस म्हणजे दर्यावर्दी माणसाचा सुगीचा काळ. ते सारे दिवस त्याची नौका धक्क्याला बांधून होती. घरातील बांगड्या गहाण पडल्या.

कर्जाचा हप्ता पुढे ढकलण्यासाठी अर्ज लिहून घ्यावयास तो आमच्याकडे आला. गावच्या मुख्याध्यापकाकडे माणसे याच कामासाठी येतात. अर्ज लिहिता लिहिता आम्ही विचारले, "अरे, पण झाले तरी काय?" तो म्हणाला, "सर, कूलरच्या आतल्या नळ्या मिठाने बुजल्या होत्या. मेस्त्रीने उघडले तेव्हा निम्म्या नळ्यांतून काडीसुद्धा जाईना. मे महिन्यात होते तसे खारे पाणी आतच ठेवले आणि दोन महिने त्याकडे पाहिले नाही." त्यावर आम्ही मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "समुद्रावरून आलास की तू स्वतः गोड्या पाण्याने अंग धुतोस ना? मग इंजिनालाही एकदा गोड्या पाण्याने धुऊन का ठेवीत नाहीस?" आपण काही मार्मिक बोललो असे वाटून आम्हांस त्या दिवशी समाधानही झाले.

पुढील मे महिन्यात त्याने गुरूचा शब्द पाळला. धक्क्यावरील नळाला बागेचा पाइप जोडला, त्याचे दुसरे टोक इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या नळात घट्ट बसविले, नळ पूर्ण सोडला आणि बंद इंजिनातून अर्धा तास पाणी जाऊ दिले. भांडे विसळावे तसे. मग इंजिन एकवार फिरवून पाहावे म्हणून स्टार्टर दाबला. आतून 'टक्' असा आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी अडले. सुदैवाने त्याने दुसऱ्यांदा बटण दाबले नाही. मेस्त्रीला बोलाविले. त्याने चारही इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरविले, तेव्हा दोन सिलिंडरांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. तेलाची कढी झाली होती. ते दोनदा बदलावे लागले. थोडक्यात निभावले. आणखी जोर लावला असता तर कनेक्टिंग रॉड वाकून इंजिन कायमचे गेले असते.

आम्ही धावत धक्क्यावर गेलो. मेस्त्री आमच्याच वयाचा, हात कोपरापर्यंत काळे. कोणावरही न रागावता तो म्हणाला, "सर, तुमचे सांगणे बरोबर होते. पण याला पाणी पाजायचे होते, बुडवायचे नव्हते." त्या एका वाक्याने आमची मान खाली गेली. पुढचे दोन रविवार आम्ही त्याच्यापाशी बसलो. इंजिनाबरोबर आलेली पुस्तिका केबिनच्या खणात प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होती. इंग्रजीत असल्यामुळे तिला कोणी हात लावला नव्हता. ती आम्ही वाचावी, मेस्त्रीने अर्थ समजावावा, आणि विद्यार्थ्याने प्रत्यक्ष नळ दाखवावा, असा आमचा तिघांचा वर्ग भरला. त्यातून जे हाती आले ते येथे क्रमाने मांडतो.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांशच पंखा फिरविण्याच्या कामी येते. बाकीची धुराबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. मोटारीत त्या पाण्याला निवविण्यास वारा असतो. नौकेत वाऱ्याऐवजी समुद्र असतो. हा समुद्र तीन प्रकारे उपयोगात आणतात. पहिल्या प्रकारात खारे पाणीच थेट इंजिनाच्या अंगातून फिरते. दुसऱ्या प्रकारात इंजिनाच्या अंगात गोडे पाणी बंदिस्त फिरते आणि एका पेटीत, म्हणजे मेस्त्री ज्याला कूलर म्हणतो त्यात, बारीक नळ्यांतून वाहणारे खारे पाणी त्याची उष्णता काढून घेते. तिसऱ्या प्रकारात गोड्या पाण्याच्या नळ्याच नौकेच्या तळाबाहेर समुद्रात बसविलेल्या असतात आणि खारे पाणी आत येतच नाही.

येथे एक गैरसमज फार आढळतो. "आमचे इंजिन गोड्या पाण्यावर थंड होते, त्याला धुवायचे कशाला?" असे दुसऱ्या प्रकारच्या इंजिनाचे मालक म्हणतात. आमचा विद्यार्थीही तेच म्हणत होता. परंतु गोडे पाणी फक्त इंजिनाच्या पोटात असते. तळच्या वॉल्व्हपासून गाळणी, रबरी पात्यांचा पंप, कूलरच्या नळ्या आणि शेवटी धुराच्या नळाचा बाक, ही सारी वाट खाऱ्या पाण्याचीच असते. धुवावयाची आहे ती ही वाट. पोटातील बंदिस्त पाण्याशी या धुण्याचा संबंध नाही. त्यात पुस्तिकेने सांगितलेल्या प्रमाणात ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक द्रव असावयास हवा, आणि तो ठराविक मुदतीने बदलावयास हवा. विहिरीचे पाणी चवीला गोड असले तरी त्यातील क्षारांनी आत चुन्याचा थर धरतो.

आता हे खारे पाणी किती? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एखाद्या इंजिनाचा पंप मिनिटाला ३० लिटर पाणी ओढतो असे धरले तर तासाला १८०० लिटर झाले, म्हणजे त्या अरुंद वाटेने तासाभरात ६३ किलो मीठ येऊन गेले. येऊन जाते तोवर फारसे बिघडत नाही. वाहते पाणी आपले मीठ आपल्याबरोबर नेते. बिघडते ते थांबल्यावर. आमच्या मनात हीच गोष्ट उलटी बसली होती. यंत्र चालताना झिजते आणि थांबल्यावर विसावते, असे आपण मानतो. खाऱ्या पाण्याच्या वाटेची गोष्ट तशी नाही. तिची खरी हानी यंत्र थांबल्यावर सुरू होते.

कशी, ते पाहा. आगरवाड्याच्या मिठागरात काय घडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. भरतीचे पाणी कप्प्यात कोंडावयाचे आणि उन्हाने आटू द्यावयाचे, की तळाशी मीठ उरते. बंद इंजिनाच्या वरच्या नळांत, जेथून पाणी खाली उतरलेले असते, तेथे अशीच लहान लहान मिठागरे तयार होतात. हे मीठ पावसाळी हवेतील ओल पुन्हा पुन्हा ओढून घेते आणि धातू सदैव ओला राहतो. जेथे पाणी साठून राहते तेथे दुसरेच घडते. त्यातील सूक्ष्म जीव मरून कुजतात, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि गंधकाची संयुगे तयार होतात. कूलरच्या नळ्या बहुधा तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात. त्यांना ही संयुगे विषासारखी बाधतात आणि नळीला आतून सुईच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. एक नळी फुटली की खारे पाणी थेट पोटातील गोड्या पाण्यात.

तिसरी गोष्ट विजेची. तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम असे भिन्न धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांची विजेची घटमाला बनते आणि त्यांपैकी दुर्बळ धातू झिजू लागतो. इंग्रज शास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही याने १८२४ साली, ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळावरील तांब्याचे पत्रे वाचविण्यासाठी, त्यांना जस्त किंवा लोखंड जोडावे असे सुचविले. झिजावयाचे ते जस्ताने, म्हणजे तांबे वाचते. आजही पुष्कळ कूलरांत जस्ताची एक कांडी पेन्सिलीसारखी खोचलेली असते ती याच तत्त्वावर. ती निम्मी झिजली की बदलावयाची. आमच्या विद्यार्थ्याच्या कूलरमधील कांडी कधी संपून गेली होती ते कोणास ठाऊक. नुसते बूच शिल्लक होते. रक्षक केव्हाच कामी आला होता आणि मालकाला पत्ता नव्हता.

ज्या इंजिनांत खारे पाणी थेट फिरते त्यांची काळजी अधिक. खारे पाणी फार तापले की त्यातील चुन्याचे क्षार भिंतींवर जमू लागतात. म्हणून अशी इंजिने मुद्दाम कमी उष्णतेवर, साधारणपणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, चालविली जातात. एकदा धरलेला थर मात्र नुसत्या पाण्याने निघत नाही.

आता आमच्या चुकीकडे वळू. बंद इंजिनात नळाच्या जोराने पाणी सोडले तेव्हा नेमके काय झाले? त्या नौकेत, पुष्कळ लहान नौकांत असते तशी, एक सोय आहे. कूलरमधून बाहेर पडलेले खारे पाणी धुराच्या नळात सोडतात, म्हणजे धूर थंड होतो आणि धूर-पाणी मिळून मागच्या बाजूने बाहेर पडते. इंजिन चालू असताना धुराचा जोर त्या पाण्याला बाहेर ढकलतो. इंजिन बंद असताना ढकलणारे कोणीच नसते. नळाचे पाणी पंपाच्या रबरी पात्यांच्या फटींतून पुढे सरकले, धुराच्या मार्गातील डबा भरला, पातळी चढत चढत इंजिनाच्या धूर सोडणाऱ्या तोंडापर्यंत पोहोचली, आणि जी झडप उघडी होती तिच्यातून सिलिंडरात उतरली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दट्ट्या वर आला तो पाण्यावर आदळून थांबला. तोच तो 'टक्'. मोठ्या ट्रॉलरांत धूर पुष्कळदा कोरड्या धुराड्यातून वर जातो. तेथे हा धोका नसतो, पण आपली नौका कोणत्या जातीची हे आधी नीट पाहून घ्यावे.

म्हणून या साऱ्या विद्येचा पहिला नियम असा: गोडे पाणी इंजिनात ढकलावयाचे नाही, इंजिनाने आपल्या पंपाने ते स्वतः ओढून घ्यावयाचे. पाणी देतेवेळी इंजिन चालू असलेच पाहिजे, आणि पाणी उघड्या पिंपातून यावयास हवे, नळाच्या दाबाखाली नव्हे. पिंपाचा आणखी एक फायदा मेस्त्रीने सांगितला. नळाचा पाइप थेट इंजिनाला जोडलेला असताना नळाचे पाणी गेले, तर इंजिनातले खारे, तेलकट पाणी उलटे धक्क्याच्या नळात ओढले जाण्याचा संभव असतो. त्याच नळाचे पाणी लोक पितात. पाइपाचे तोंड पिंपावर अधांतरी ठेवले की ती भीती उरत नाही.

दुसरा नियम याच्या नेमका उलट: चालू इंजिनाचे पाणी क्षणभरही तोडावयाचे नाही. पंपातील रबरी पात्यांना पाणी हेच वंगण. ती कोरडी फिरली तर थोड्याच वेळात जळून तुटतात आणि त्यांचे तुकडे पुढे कूलरच्या तोंडात जाऊन अडकतात. पाणी अधिक झाले तर सिलिंडर बुडतो आणि कमी पडले तर पंप जळतो. व्यवस्था करावयाची ती या दोहोंच्या मध्ये.

तिघांनी मिळून उभी केलेली मांडणी अगदी साधी आहे. तळच्या वॉल्व्हवरून येणारा नळ गाळणीतून पंपाकडे जातो. गाळणी आणि पंप यांच्या मध्ये इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा एक जोड बसविला. त्याच्या तिसऱ्या तोंडावर वेगळा वॉल्व्ह, आणि त्या वॉल्व्हच्या तोंडावर घट्ट फिरणारी टोपी. जोड आणि वॉल्व्ह ब्राँझचे घेतले. साधे पितळ खाऱ्या पाण्यात आतल्या आत ठिसूळ होते. पंप पाणी ओढतो तेव्हा मऊ पाइप चपटा होतो, म्हणून आत तारेचे वेटोळे असलेला पाइप घेतला आणि प्रत्येक सांध्यावर न गंजणाऱ्या पोलादाच्या दोन-दोन पट्ट्या आवळल्या. वर डेकवर २०० लिटरचे पिंप, त्याच्या तळाशी तोटी. ही तोटी पंपाच्या नळापेक्षा अरुंद नसावी, नाहीतर पंप तहानलेला राहतो.

ज्यांना एवढाही खर्च नको त्यांच्यासाठी मेस्त्रीने आणखी सोपी रीत दाखविली. गाळणीचे झाकण पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर, इंजिन मंद चालू असताना तळचा वॉल्व्ह बंद करावयाचा, झाकण काढून गाळणीत बादलीने सतत गोडे पाणी ओतावयाचे. एकाने ओतावे, दुसऱ्याने इंजिन बंद करण्याच्या बटणावर हात ठेवून उभे राहावे. गाळणी रिकामी होऊ द्यावयाची नाही, एवढेच पथ्य.

पिंपातील पाणी किती वेळ पुरेल हे कोणाला विचारण्याचे कारण नाही. इंजिन मंद चालू असताना मागे पडणाऱ्या पाण्याखाली बादली धरावी आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजावे. पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरली तर २०० लिटरचे पिंप तेरा मिनिटे पुरेल. हे गणित आमच्या सातवीच्या वर्गाला सुटते. पाच ते दहा मिनिटांचे धुणे बहुधा पुरते. मागे पडणारे पाणी बोटावर घेऊन जिभेला लावावे. खारटपणा गेला की समजावे.

आता कृती. इंग्रजी पुस्तिका वेष्टनात का राहिली हे पाहिल्यावर आम्ही ठरविले की ही कृती मराठीत, मोठ्या अक्षरांत, फळ्यावर लिहून इंजिनाच्या खोलीत टांगावयाची. आमच्या शाळेतील चित्रकला शिक्षकांनी ती तेलरंगाने रंगवून दिली. तिचा मजकूर असा:

१. तळचा वॉल्व्ह उघडा ठेवून नेहमीप्रमाणे इंजिन चालू करा आणि गरम होऊ द्या.

२. पिंप काठोकाठ भरा. पाइप जोडा. पिंपाची तोटी उघडा.

३. इंजिन मंद गतीवर आणा. गोड्या पाण्याचा वॉल्व्ह उघडा. मगच तळचा वॉल्व्ह बंद करा.

४. मागे पाणी पडते का पाहा. पडत नसेल तर तत्काळ इंजिन बंद करा.

५. पिंपात वीतभर पाणी उरले की इंजिन बंद करा. आधी इंजिन, नंतर पाणी.

६. इंजिन थांबताच गोड्या पाण्याचा वॉल्व्ह बंद करा. पाइप काढा. टोपी घट्ट लावा.

७. इंजिनाची किल्ली काढून तळच्या वॉल्व्हच्या दांड्याला अडकवा.

पहिल्या कलमातील 'गरम होऊ द्या' हे शब्द थेट खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनासाठी विशेष महत्त्वाचे. अशा इंजिनात थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन थंड असता ती मिटलेली असते आणि पाणी आतल्या भागात न शिरता बाहेरच्या बाहेर निघून जाते. थंड इंजिनाला धुणे म्हणजे देवळाच्या पायऱ्या धुऊन गाभारा तसाच ठेवणे. सहाव्या कलमाची घाई यासाठी की पिंप वर आहे. वॉल्व्ह उघडाच राहिला तर उरलेले वीतभर पाणीही आपल्या वजनाने हळूहळू धुराच्या वाटेकडे जाऊ लागेल. टोपीचे महत्त्व तर जीवावरचे. हा जोड पाण्याच्या पातळीखाली आहे. पुढे कधी तळचा वॉल्व्ह उघडला आणि हा वॉल्व्ह चुकून उघडा असला, तर समुद्र त्याच भोकाने नौकेत येईल. आणि किल्लीचे कलम विसराळूपणावरचा उपाय आहे. किल्ली घ्यावयास गेलेला हात आपोआप वॉल्व्हवर पडतो, मग तो उघडावयाचे राहून जात नाही.

दोन महिन्यांसाठी नौका बांधून ठेवावयाची असेल तर धुण्यानंतर आणखी थोडे काम उरते. गाळणी, कूलर आणि नळ यांतील पाणी खालची बुचे काढून पूर्ण निचरू द्यावे. पंपाचे रबरी चक्र काढून ठेवावे, कारण एकाच स्थितीत राहिलेली पाती वाकडीच राहतात. ते किल्लीबरोबर बांधून ठेवावे, म्हणजे चक्राविना इंजिन कोणी चालू करणार नाही. जस्ताची कांडी पाहावी. बंदी उठल्यावर सारे परत बसवून, वॉल्व्ह उघडून, इंजिन चालू करताच मागे पाणी पडू लागते की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दोरी सोडू नये.

हे धुणे सर्व रोगांवरील औषध नव्हे. पडलेले खड्डे त्याने भरत नाहीत, जमलेला थर सुटत नाही. त्यासाठी कूलर उघडून जाणत्या माणसाकडूनच साफ करून घ्यावा. बाजारात मिळणारी आम्ले आपल्या अकलेने ओतू नयेत. जी नौका रोज समुद्रावर जाते तिला रोज धुणे परवडतही नाही आणि तितके अगत्याचेही नाही, कारण तिच्या वाटेतील पाणी रोज बदलते. मात्र जी नौका आठवडा-पंधरवडा उभी राहते तिला प्रत्येक वेळी, आणि बंदीपूर्वी सर्वांनाच, हे केलेच पाहिजे.

आमच्याकडील जुनी मंडळी पावसाळ्यात होड्या नदीच्या आत, खाडीच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवीत. वादळवाऱ्यापासून आसरा हा त्यातील हेतू उघडच होता. पण पावसात नद्यांचे पाणी गोडे होते आणि लाकूड पोखरणारा खाऱ्या पाण्यातील किडा अशा पाण्यात तग धरीत नाही, हा लाभही त्यात आपोआप पदरात पडे. लाकडी होडीला जे गोडे पाणी बाहेरून मिळत असे, तेच आजच्या यंत्राला आतून द्यावयाचे आहे. आणि ते विकत घ्यावयाचीही गरज नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या घराच्या पागोळ्यांखाली आता दोन पिंपे असतात. पावसाच्या पहिल्या सरींत छपराची धूळ वाहून जाऊ द्यावयाची आणि मग पिंपे भरून घ्यावयाची. ज्या पावसाने समुद्र बंद होतो, त्याच पावसाचे पाणी इंजिन राखते.

गेल्या वर्षी १ ऑगस्टच्या पहाटे आम्ही मुद्दाम धक्क्यावर गेलो. त्याने किल्ली घेण्यासाठी हात खाली घातला, वॉल्व्ह उघडला, इंजिन चालू केले आणि काही न बोलता मागच्या बाजूस जाऊन वाकून पाहिले. पाणी पडत होते. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, येतो." घरी आल्यावर बायकोच्या बांगड्यांविषयी विचारावे असे मनात होते, पण विचारण्याची गरज पडली नाही. नारळी पौर्णिमेला ती दोघे आमच्याकडे नारळ घेऊन आली, तेव्हा त्या तिच्या हातांत होत्या.